‘सर, एक मॉप कमी येतोय’: ऑपरेशन थिएटरची रीत मोजायची कशी?

मी भूलतज्ज्ञ आहे, पण कुठल्या एका हॉस्पिटलची नाही. चिपळूण, खेड, गुहागर या पट्ट्यात जिथून फोन येईल तिथे बॅग उचलून जायचं, केस करायची, पेशंट नीट जागा झाला की पुढचं गाव. दहा-पंधरा खाटांच्या हॉस्पिटलला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नाही, म्हणून आमच्यासारख्यांची फिरती चालते. या फिरतीत घाटातले खड्डे पाठ होतात, आणि एक फायदाही होतो: एकाच आठवड्यात चार-पाच ओटी आतून बघायला मिळतात. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. कोकणातल्या वाचकाला आधी घराची ओटी-पडवी आठवली असेल, तर तिचाही विषय पुढे निघणार आहे.

एका पावसाळ्यातली गोष्ट. एका हॉस्पिटलात सिझर चालू होतं. बाळ रडलं, सगळ्यांचे खांदे सैल झाले, सरांनी पोट बंद करायला घेतलं. सिस्टर मॉप मोजत होती. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायला वापरतात ती जाड कापडी घडी. रक्तात भिजली की आतल्या अवयवांत ती ओळखूही येत नाही. म्हणून आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे टाके घालण्याआधी मोजायचं असतं. सिस्टरने मोजलं. पुन्हा मोजलं. मावशींकडे बघितलं, मावशींनी बादलीत वाकून बघितलं. मग सिस्टरने माझ्याकडे बघितलं. सरांकडे मात्र नाही. मीच विचारलं, "सिस्टर, काउंट बरोबर?" ती हळूच म्हणाली, "एक कमी येतोय बहुतेक."

बहुतेक! मोजणीत ‘बहुतेक’ कुठून आलं? सर थांबले, थोडे कुरकुरले. मॉप टेबलाच्या पायाशी चिकटून पडलेला सापडला. सगळे हसले, केस संपली. त्या दिवसाच्या रजिस्टरात या प्रकाराची एक ओळही नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका हॉस्पिटलात गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. तिथेही मोजणी चुकली. तिथली सिस्टर, वयाने सर्जनच्या मुलीएवढी, म्हणाली, "सर, मॉप मिळाल्याशिवाय सुई देणार नाही." सर काही न बोलता थांबले आणि पुन्हा आत हात घालून शोधू लागले. मॉप पोटातच होता, आतड्यांच्या मागे.

दोन्ही ओटींच्या भिंतीवर ऑपरेशनच्या सुरक्षेचा तोच तक्ता लटकलेला आहे. दोन्हीकडे मॉप मोजायचा नियम आहे, दोन्हीकडे ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) चालतो, दोन्ही सर्जन हाताने उत्तम. फरक आहे तो सिस्टरच्या त्या वाक्यात, आणि ते वाक्य बोलल्यावर तिचं पुढे काय झालं यात. या फरकाला पुस्तकी भाषेत ‘रुग्णसुरक्षेची संस्कृती’ म्हणतात. ती मोजता येते असं सांगितलं की आमचे बरेच डॉक्टर हसतात. मीही हसले होते.

संस्कृती म्हणजे काय, तर रीत

‘संस्कृती’ म्हटलं की आपल्याला समई, नऊवारी आणि स्वागतगीत आठवतं, त्यामुळे मी ‘रीत’ हा शब्द वापरते. नियम लिहिलेला असतो. रीत म्हणजे ‘आमच्याकडे असं करतात’. नियमाप्रमाणे मॉप दोघांनी मोठ्याने मोजायचे; रीतीप्रमाणे सर घाईत असले की एकीने मनात मोजून ‘बरोबर’ म्हणायचं. नवी सिस्टर नियम ट्रेनिंगमध्ये शिकते आणि रीत पहिल्या आठवड्यात, कोणी न शिकवता.

हा शब्द वैद्यकातून आलेलाच नाही. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्याची कारणं शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांना दिसलं की दोष नुसता यंत्रांत किंवा एकट्यादुकट्या माणसात नव्हता, तिथल्या कामाच्या एकूण रीतीतच होता. ‘सेफ्टी कल्चर’ हा शब्द तिथून रुळला. दवाखान्यांकडे तो वळला 1999 नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अंदाज मांडला, की तिथल्या हॉस्पिटलांत टाळता येण्यासारख्या चुकांमुळे वर्षाला 44,000 ते 98,000 माणसं दगावतात. आकड्यांवर पुष्कळ वाद झाले. पण ‘चूक कोणी केली’ याच्या जोडीने ‘चूक होऊ दिली कशाने’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जाऊ लागला.

मग ओटीचीच वेगळी चर्चा का? वॉर्डातला पेशंट जागा असतो. नवी गोळी हातात ठेवली तर तो म्हणतो, "सिस्टर, माझी रोजची गोळी पांढरी असते, ही गुलाबी कशी?" कितीतरी चुका पेशंट स्वतःच पकडतो, किंवा उशाशी बसलेली त्याची बहीण पकडते. ओटीत तो माणूस झोपलेला असतो, आणि झोपवलेला असतो मी. त्याची बहीण बाहेर बाकावर. ‘अहो, माझा डावा गुडघा, उजवा नव्हे’ हे त्याच्या वतीने म्हणणारं आत कोणीतरी लागतं. ते कोण म्हणणार, हा सगळा प्रश्न.

इथे आपली घराची ओटी आठवा. जुन्या घरात कोण ओटीवर बसणार, कोण पडवीत टेकणार आणि कोण खळ्यातच उभं राहून बोलणार, हे कोणाला सांगावं लागत नसे. ऑपरेशन थिएटरमध्येही तशाच पायऱ्या असतात. सर्जन, मग भूलतज्ज्ञ, मग स्क्रब घेतलेली, म्हणजे हात निर्जंतुक करून हत्यारं देणारी सिस्टर, मग फ्लोअरवरची सिस्टर, मग ओटी असिस्टंट, आणि सगळ्यांत खाली मावशी आणि वॉर्डबॉय. गंमत अशी की नजर सगळ्यांत मोकळी असते ती खालच्यांची. सर्जनचं डोकं जखमेत, माझं मॉनिटरमध्ये. पेशंटचा हात टेबलाबाहेर लोंबतोय, सक्शनची बाटली भरत आलीय, हे आधी मावशींना दिसतं. त्या ते बोलतात का?

दाभोळच्या खाडीतून मासेमारीची बोट आत घेताना तांडेलाचा शब्द शेवटचा असतो, त्यात शंका नाही. पण पुढच्या टोकाला उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा खलाशी ओरडला की तांडेल आधी सुकाणू फिरवतो आणि मग विचारतो काय झालं. अधिकार तांडेलाचाच राहतो, आणि पोराचा आवाजही लागतो. चांगल्या ओटीत हेच असतं. शिस्त मोडावी असं कोणीही म्हणत नाही. सुरी कोणाच्या हातात हे ठरलेलंच राहणार.

वैमानिकांनी हे आमच्याआधी ओळखलं. 2000 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तुलना छापून आली, एकीकडे विमानाचे चालक, दुसरीकडे ओटी आणि आयसीयूतली माणसं. थकवा आला तरी माझ्या कामावर परिणाम होत नाही, अशा अर्थाचं उत्तर 26 टक्के वैमानिकांनी दिलं. मोठ्या सर्जनपैकी 70 टक्क्यांनी दिलं. भूलतज्ज्ञ 47 टक्के, म्हणजे आम्हीही फार शहाणे नाही. कनिष्ठाने वरिष्ठाच्या निर्णयावर प्रश्न विचारूच नये, ही कल्पना 97 टक्के वैमानिकांना अमान्य होती. सर्जनांत ती अमान्य असणारे 55 टक्केच निघाले. रात्री दोनच्या सिझरनंतर सकाळी नऊच्या यादीला उभे राहणारे आम्ही सगळे या आकड्यांत आहोत.

मोजपट्टी

मोजायचं कसं? मुख्य मार्ग प्रश्नावलीचा. जगभर दोन प्रश्नावल्या जास्त चालतात. एक टेक्सास विद्यापीठातली, 2006 साली प्रसिद्ध झालेली, मुळात वैमानिकांच्या प्रश्नावलीवरून बेतलेली. ती सहा गोष्टी बघते: एकमेकांबरोबर काम कसं चालतं, सुरक्षेचं वातावरण, कामातलं समाधान, ताणाचा परिणाम ओळखणं, व्यवस्थापनाबद्दलचं मत आणि कामाची परिस्थिती. दुसरी अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेची, 2004 सालची, 42 विधानांची, बारा अंगं मोजणारी. 2019 मध्ये तिची छोटी सुधारित आवृत्ती आली, 32 विधानं आणि दहा अंगं.

दोन्हींत प्रश्न नसतात, विधानं असतात. ‘इथे काही चुकीचं दिसलं तर मी मोकळेपणाने बोलू शकते.’ ‘इथे चूक झाली की घटनेची नाही, माणसाची चौकशी होते.’ प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘अजिबात मान्य नाही’पासून ‘पूर्ण मान्य’पर्यंत. ही नमुन्याची विधानं माझ्या शब्दांत आहेत, पण घाट तोच.

हिशेब सोपा आहे. सुरक्षेच्या बाजूने पडलेली उत्तरं किती टक्के, ते बघायचं. दुसऱ्यासारखं उलटं विधान असेल तर ‘मान्य नाही’ हे चांगलं उत्तर धरायचं. समजा ओटीत बारा जण आहेत आणि नऊ जणांचं उत्तर चांगल्या बाजूचं आलं, तर 75 टक्के. अमेरिकी पद्धतीत 75 ला ‘ही तुमची जमेची बाजू’ म्हणतात आणि निम्म्याच्या खाली गेलं की ‘इथे लक्ष द्या’. टेक्सासवाल्यांत पाच चौकोनांना 0, 25, 50, 75, 100 गुण देतात आणि माणसाची सरासरी 75 किंवा वर गेली तर त्याचं मत अनुकूल धरतात.

आता खरी गोम. त्या 75 टक्क्यांत खूश होणारा माणूस बहुधा हॉस्पिटलचा मालक असतो. उरलेले तीन कोण? तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे तीन जण असतील तर एक गोष्ट. तिन्ही सिस्टर असतील तर पूर्ण वेगळी. सरासरी ही पडवी आणि ओटी एकाच उंचीवर आणून दाखवते. म्हणून निकाल वाचताना मी एकूण आकडा शेवटी बघते आणि पायऱ्यांमधलं अंतर आधी. अमेरिकेतल्या ओटींमध्ये झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं: ‘आमचं टीमवर्क छान आहे’ असं सर्जन सांगतात, आणि त्याच ओटीतल्या नर्सेस त्याच टीमवर्कला बेताचे गुण देतात. दोघंही खोटं बोलत नसतात. सर्जनला हवी ती गोष्ट न मागता हातात मिळते, त्याला तेच टीमवर्क वाटतं. नर्सला टीमवर्क म्हणजे आपलं म्हणणं कोणी ऐकून घेणं.

आणखी एक गोष्ट देशोदेशी सारखी सापडते. ‘आमच्या विभागात आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो’ याला भरपूर गुण, आणि ‘चूक सांगितली तरी शिक्षा होत नाही’ याला सगळ्यांत कमी किंवा तळाजवळचे. आपल्याकडे हे वाचून कोणाला आश्चर्य वाटू नये.

मराठीत विचारायला गेलं की

एका एमडी करणाऱ्या मुलीला यातली दुसरी, बारा अंगांची प्रश्नावली आमच्या भागातल्या छोट्या ओटींमध्ये वापरायची होती. तिने भाषांतर आणून माझ्यापुढे ठेवलं. इंग्रजी सिस्टर लोकांना वाचता येत होतं, मावशींना नाही, म्हणून मराठी. कागदावरचं मराठी शुद्ध होतं. मी ते सहज एका मावशींना वाचून दाखवलं: ‘येथे अधिक गंभीर चुका घडत नाहीत हा केवळ योगायोग आहे, हे आपणास मान्य आहे काय?’ मावशी म्हणाल्या, "नाय नाय, हितं चुका होतच नाय." बिचाऱ्यांना वाटलं आपण हॉस्पिटलची बाजू घ्यायला हवी. वाक्यात ‘नाही’ आणि ‘मान्य नाही’ एकमेकांवर आदळले की अर्थ कुठल्या कुठे जातो. आम्ही ते बदलून ‘इथे मोठं काही होत नाही ते आमच्या नशिबाने’ असं केलं. मावशी लगेच म्हणाल्या, "ता मात्र खरा."

ही नुसती गंमत नाही. भाषांतर करायचं, मग ते दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ अर्थ टिकला का बघायचं, आणि मग पाच-सात जणांसमोर वाचून ‘तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. या शेवटच्या पायरीला वेळ लागतो म्हणून ती गाळली जाते, आणि मग प्रबंधाच्या मागे जोडलेल्या सुबक तक्त्यांत मावशींचं ‘नाय नाय’ टक्केवारी होऊन बसतं.

‘व्यवस्थापन’ या शब्दाचीही अशीच फजिती. मोठ्या इस्पितळात व्यवस्थापन म्हणजे अधीक्षक, मेट्रन, ऑफिस. पंधरा खाटांच्या हॉस्पिटलात व्यवस्थापन म्हणजे सर स्वतः, आणि बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या मिसेस. ‘व्यवस्थापन आमच्या सूचना ऐकतं’ या विधानापुढे खूण करायची म्हणजे त्या दोघांना मार्क द्यायचे. मग बहुतेक जणी मधल्या चौकोनात खूण करतात. मधला चौकोन म्हणजे ‘सांगता येत नाही’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ ‘सांगायचं नाही’ असाही होतो. मधल्या खुणांचा ढीग दिसला की तिथे भीती आहे का, हे आधी शोधावं. 2019 च्या आवृत्तीत ‘लागू नाही किंवा माहीत नाही’ असा वेगळा चौकोन आहे, तो इथे फार उपयोगी. मधल्या खुणांमधून खरोखर न समजलेले तेवढे तरी बाजूला निघतात.

नाव लिहायचं नाही, एवढ्याने गुप्तता होत नाही. फॉर्मवर वय, शिक्षण, हुद्दा आणि किती वर्षं नोकरी असे चार प्रश्न असले, आणि ओटीत सात माणसं असली, तर ‘स्त्री, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), अकरा वर्षं’ म्हणजे कोण, हे वॉचमनसुद्धा सांगेल. आम्ही हुद्द्याचे फक्त दोन गट ठेवले, बाकीचे सगळे प्रश्न काढून टाकले. अनेक ठिकाणचे फॉर्म एकत्र करून निकाल काढला, म्हणजे एका हॉस्पिटलचं उत्तर वेगळं दिसत नाही. गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचा निकाल वेगळा छापू नये, असा साधारण संकेत आहे आणि तो पाळावा. फॉर्मची पेटी सरांच्या केबिनबाहेर न ठेवता चहा करतात तिथे ठेवली, पेन एकाच रंगाची दिली. खुणाच करायच्या असल्याने अक्षर ओळखायचा प्रश्न नव्हता. शेवटी एक रिकामी चौकट मात्र होती, ‘आणखी काही सांगायचं असेल तर’.

वेळही बघावी लागते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात प्रश्नावली वाटू नये. निम्मा स्टाफ सुट्टीवर जाण्याच्या तयारीत, उरलेला निम्मा डबल ड्यूटीच्या रागात. त्या आठवड्यात ‘इथे माणसं पुरेशी आहेत’ या विधानाला जे गुण मिळतील ते वर्षभराचे समजू नयेत. जाणकार म्हणूनच ‘संस्कृती’ आणि ‘वातावरण’ वेगळं धरतात. प्रश्नावलीला त्या दिवसाचं वातावरण दिसतं, लाट कशी आहे ते. खालची भरती-ओहोटी कळायला तेच माप वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं.

आणि भरून किती आले ते पाहा. दहांतले चारच फॉर्म परत आले असतील तर त्या चारांची टक्केवारी काढण्याआधी सहा का आले नाहीत ते विचारा. साठ टक्क्यांच्या खाली प्रतिसाद असेल तर निकालावर फार भार टाकू नये.

कागदापलीकडे

माणसं काय म्हणतात आणि काय करतात यांत अंतर असतं, त्यामुळे नुसत्या प्रश्नावलीवर विसंबणं बरं नाही. ओटीत उभं राहून बघायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा तो भिंतीवरचा तक्ता. 2008 साली आला, एकोणीस मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, आणि पेशंट ओटीतून निघण्याआधी. तो तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाला राहवत नाही. आठ देशांतल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, तो वापरून बघितला. 2009 मध्ये छापलेल्या निकालात मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं 11 वरून 7 टक्क्यांवर आलेलं दिसलं. मग 2014 साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास आला. तिथे तक्ता सक्तीचा केला होता, 101 हॉस्पिटलं तपासली, आणि फरक जवळपास नाहीच: 0.71 वरून 0.65.

कागद तोच, मग असं का? यावर बरीच मतं आहेत. माझं मत ओटीत उभं राहून बनलेलं आहे. सकाळी यादीतल्या पाचही पेशंटच्या तक्त्यांवर सगळ्या खुणा आधीच करून ठेवलेल्या मी बघितल्या आहेत, पहिला पेशंट टेबलावर यायच्या आधी. त्यातली एक खूण ‘पेशंटने स्वतः नाव आणि ऑपरेशनची जागा सांगितली’ याची होती. सक्तीने खूण मिळते. थांबा मिळेलच असं नाही.

त्या तक्त्यातला लोकांना सगळ्यांत हास्यास्पद वाटणारा मुद्दा म्हणजे चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. "अहो, वीस वर्षं एकत्र काम करतोय, नाव काय सांगायचं?" असं मला कितीदा ऐकवलं गेलंय. मात्र त्या खोलीत एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज उघडतो. शिवाय फिरत्या भूलतज्ज्ञ म्हणून सांगते, बदलीवर आलेल्या सिस्टरचं नाव मला माहीत नसतं, आणि नाडी मंदावत असताना "अहो, ए, कोणीतरी" अशी हाक मारून ॲट्रोपिन मिळत नाही.

आणखी एक मुद्दा, ‘500 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का’. मुंबईत याचं उत्तर हो असलं तर रक्तपेढीला फोन जातो. इथे हो असलं तर विचारावं लागतं की पिशवी आत्ता फ्रिजमध्ये आहे की कुठल्या गाडीत, आणि ती गाडी घाटाच्या अलीकडे आहे की पलीकडे. पावसात दरड आली तर? जनरेटरमध्ये डिझेल किती? जपानी बनावटीचं मॉनिटर असूनही माझा स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर बॅगेत असतो तो याच प्रश्नांमुळे. हे सगळं मोठ्याने विचारलं जातं की मनात, हे दाराशी उभं राहून दहा मिनिटांत कळतं.

दुसरी बघायची वस्तू म्हणजे नोंदवही. थोडक्यात टळलेले प्रसंग लिहायची वही बऱ्याच हॉस्पिटलांत असते, कारण तपासणीला दाखवावी लागते. सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, बाळंतपणाची खोली आणि तिथल्या ओटीसाठी 2017 पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे, खासगींसाठी एनएबीएच ही दर्जाची मान्यता देणारी संस्था आहे, आणि 17 सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचे फलक लागतात. वही मात्र कोरी असते. कोरी वही बघून तपासणारा खूश झाला तर त्याला विषय कळलेला नाही. वर्षभर ऑपरेशनं करून एकही प्रसंग टळला नाही असं होत नसतं. नोंदी वाढायला लागणं ही सुरुवातीला चांगली खूण. माझ्या त्या ‘बहुतेक’ची नोंद त्या वहीत नाही आणि मीही केली नाही, हे इथे कबूल करते.

का नाही केली? एक तर पुन्हा बोलावतील की नाही ही फिरत्या माणसाची भीती. आणि कागदाची भीती. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, त्यात डॉक्टरांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दिवाणी भरपाई आणि फौजदारी गुन्हा यांच्या कसोट्या वेगळ्या. फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो, असं न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. रात्री एक वाजता वही उघडणाऱ्या सिस्टरला ही बारकी वळणं आठवत नाहीत, तिला एवढंच आठवतं की लिहिलं की अडकलो.

यावर ‘मग कोणालाच काही म्हणायचं नाही का’ असा प्रश्न हमखास येतो. तसं नाही. तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. हात चुकला, विसरलं, ऐकण्यात चूक झाली: ही माणसाची चूक, तिथे माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था बदलायची. रोजच्या घाईत आडवाट पडली, जसं मॉप मनात मोजणं: तिथे समज द्यायची आणि आडवाट सोयीची का झाली ते शोधायचं. जाणूनबुजून बेपर्वाई, दारू पिऊन ड्यूटी: तिथे कारवाईच. आपल्याकडे तिन्हींना एकच औषध असतं, सगळ्यांसमोर ओरडणं.

व्यवस्था बदलणं म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण भुलीच्या मशीनवरचं. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या लहान सिलिंडरांच्या तोंडाशी भोकं असतात आणि मशीनवर त्याच मापाने बसणाऱ्या खुंट्या. ऑक्सिजनच्या जागी दुसरा सिलिंडर बसतच नाही. रात्री अपुऱ्या उजेडात, दमलेल्या असिस्टंटच्या हातून ती चूक होऊ नये म्हणून कोणीतरी खुंट्यांची जागा बदलून ठेवली. असिस्टंटला सूचनापत्र देऊन भागवलं नाही.

आमच्या त्या पाहणीचे निकाल त्या मुलीने प्रत्येक हॉस्पिटलात जाऊन दाखवले. हे फार कमी जण करतात. फॉर्म भरून घेतला आणि पुढे काहीच कानावर आलं नाही, की पुढच्या वेळी सगळे ‘मान्य’वर खुणा करून मोकळे होतात. ज्या ओटीत ‘बहुतेक’ ऐकलं होतं, तिथे चर्चेत निघालं की मॉपच्या गठ्ठ्यांत कधी पाच घड्या असतात, कधी सहा. जसं कापड उरेल तसं. म्हणजे मोजणीचा पायाच डळमळीत, आणि सिस्टरचं ‘बहुतेक’ अगदी प्रामाणिक होतं. आता गठ्ठा पाचाचाच बांधतात. भिंतीवर एक पांढरा बोर्ड आला, त्यावर मॉप किती दिले ते मोठ्या आकड्यांत लिहितात, मलाही माझ्या स्टुलावरून दिसतं. सर पहिले काही दिवस म्हणत होते, "शाळा काढलीय का?" आता काउंट कोणी सांगायच्या आत तेच बोर्डाकडे बघतात.

शेवटच्या रिकाम्या चौकटीत फार कोणी लिहीत नाही. एका फॉर्मवर कोणीतरी दुसऱ्याकडून लिहून घेतलेली एक ओळ होती: ‘स्ट्रेचरचं मागचं चाक अडतं, पेशंट उतारावर घसरतो.’ प्रश्नावलीच्या बारा अंगांपैकी कुठल्या अंगात हे बसवायचं, यावर ती मुलगी आणि मी अर्धा तास घालवला, आणि शेवटी ‘इतर’मध्ये टाकलं. वर्षाने पुन्हा पाहणी झाली. मोकळेपणाने बोलण्याचे गुण थोडे वर गेले होते, शिक्षेच्या भीतीचे होते तिथेच. त्या चौकटीत त्याच अक्षरात एक ओळ होती.

‘चाक अजून तसंच हाय.’